खुर्ची ठेवलेली जागा

बाबांचा सातवा फोन.
"आत्ता तुझ्या घरावरून गेलो, लिव. दिसलो का?"
दिसले. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून
निळ्या ट्रकचं टप, आणि त्यावर
आयोवातून आणलेला बर्फ,
शिकागोच्या बर्फाहून जरा स्वच्छ.

पाच तास सरळ रस्त्याने आले,
आता तासभर झाला
चार गल्ल्यांभोवती फिरताहेत
घाण्याला जुंपल्यासारखे.
सूप मी दोनदा गरम केलं.

"कोपऱ्यावर गॅरेज आहे बाबा, पैसे मी भरते."
"नुसतं उभं राहायचे पैसे?"
पुढचं ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं:
आमच्या गावात माणूस धान्याच्या कोठारापाशी,
चर्चमागे, बँकेच्या अगदी दारात
गाडी लावतो आणि किल्ली आतच ठेवतो,
कुणाला हलवायची झाली तर.

मग ते पाट्या वाचून दाखवायला लागले,
एखादं खरेदीखत वाचावं तशा:
संध्याकाळी सहानंतर फक्त रहिवाशांसाठी.
मंगळवारी या बाजूला नाही.
दोन इंचांहून जास्त बर्फ पडला तर कधीच नाही.
"दोन इंच मोजतं कोण?"
माहीत नाही, बाबा.
मी इथे सहा वर्षं राहते, आणि माझ्याकडे गाडी नाही.

खरं सांगायचं तर मला घाई नव्हती.
ते फिरत होते तोवर
हे घर आता एकटीचं झालंय
हे सांगणं लांबत होतं.

"सापडली! पण जागेत खुर्ची आहे."
"मग ती जागा नाही."
समजावलं: ज्याने बर्फ उपसला त्याची ती जागा.
कुणी खुर्ची ठेवतं, कुणी इस्त्रीचं टेबल,
गेल्या वर्षी एकाने पाळणा ठेवला होता.
कायद्यात कुठे लिहिलेलं नाही,
पण खुर्ची हलवली तर सकाळी टायरात हवा नसते.

"अस्सं," म्हणाले. मग बराच वेळ नुसता वायपर.
"कडा बघ गं. किती सरळ कापल्यात.
हे घाईत केलेलं काम नाही."

खाली समोरचं दार उघडलं.
श्रीमती बिएलावस्का, अंगात पुरुषाचा कोट,
पायांत घरातल्या सपाता.
दोघं बोलताना दिसले, तोंडांतून वाफा.
मग तिने लाल रेक्झिनची ती खुर्ची
काखेत मारली, कोंबडी धरावी तशी,
आणि मागे मागे सरत
बाबांना गाडी लावून दिली.

नंतर बाबांनी सांगितलं,
गाडी तिने ऑक्टोबरातच विकली,
त्याच्या मागे दोन आठवड्यांनी.
फावडं तेवढं कुणी घेईना.
"मग जागा राखता कशाला?" बाबा काही आडपडदा ठेवत नाहीत.
ती म्हणाली,
"रिकामी जागा दिसली की लोक गाडी लावून निघून जातात.
खुर्ची दिसली की थांबतात, विचारतात, कुणाची?"

हे सांगता सांगता ते स्वयंपाकघरात आले,
टोपी काढली, टेबलाकडे पाहिलं.
टेबलाशी एकच खुर्ची.
बाबांनी विचारलं नाही, कुणाची.
ट्रंक ओढली, तिच्यावर बसले
आणि म्हणाले, सूप छान झालंय,
अजून चमचा बुडवला नव्हता तरी.

तीन दिवस ट्रक फुकटात उभा होता.
फुकट म्हणजे,
तिचा जिना त्यांनी झाडून दिला,
दाराची बिजागरी बसवली, पायऱ्यांवर मीठ टाकलं,
आणि एका संध्याकाळी बीटरूटचं काहीतरी
चार वाट्या खाल्लं. बीट त्यांना आवडत नाही.
गॅरेज स्वस्त पडलं असतं.

रविवारी निघताना
ट्रक बाहेर काढून पुन्हा खाली उतरले.
चाकांनी ढासळलेल्या कडा नीट केल्या,
तिच्याकडून खुर्ची मागून घेतली,
मध्यभागी ठेवली. दोन पावलं मागे गेले,
परत येऊन जराशी डावीकडे सरकवली.
आपलं फावडं माझ्या जिन्याखाली विसरले.
ते काही विसरत नाहीत.

बुधवारी रात्री पाच इंच पडला.
सकाळी कामावर जायच्या आधी मी उतरले,
समोर सपातांत ती होतीच.
आम्ही दोघींनी,
दोघींपैकी एकीकडेही गाडी नसताना,
अठरा फूट रस्ता मोकळा केला.

दुपारी फोन आला.
हालहवाल नाही, काही नाही.
"जागा आहे ना?"
आहे, बाबा.